लिहिणारी बाई

मोजणीबाई हे नाव त्यांना शाळेतल्या शिक्षिकांनी पाठीमागे ठेवलं होतं. पण त्या नावाला त्या स्वतःच ओ देऊ लागल्या, तेव्हा पाठीमागे म्हणण्यात कुणाला मजा उरली नाही. वय चोपन्न, चष्मा दोरीला, काखेत क्लिप लावलेली पुठ्ठ्याची पाटी. विशेष मुलांच्या शाळेत एखादं मूल चावायला लागलं, डोकं आपटायला लागलं, वर्ग डोक्यावर घ्यायला लागलं की बाईंना बोलावणं जायचं. बाई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायच्या आणि कागदावर तीन रकाने आखायच्या: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. मूल उगाच काही करत नाही, उगाच फक्त मोठी माणसं करतात, असं त्यांचं ठाम मत होतं आणि बावीस वर्षांत ते बदलावं असं एकही मूल त्यांना भेटलं नव्हतं.

मोजायची खोड घरीसुद्धा सुटत नसे. "काल जेवताना तुम्ही अकरा वेळा 'बरं' म्हणालात," असं त्या नवऱ्याला सांगायच्या. तो बिचारा "बरं" म्हणायचा आणि बाई "बारा" म्हणायच्या.

तर या बाईंच्या पुढ्यात भिंगरी आली. नऊ वर्षांची पोर, बोलत नव्हती, आणि जागेवर बसण्याआधी स्वतःभोवती दोन गिरक्या घ्यायची म्हणून भिंगरी. गिरक्यांचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण ती स्वतःचं मनगट चावायची, तेही रक्त येईपर्यंत, आणि सोडवायला गेलेल्या मदतनीस मावशींच्याही हाताला एकदा दात लागले होते. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, स्पष्टच सांगितलं, "पंधरा दिवसांनी समितीची बैठक आहे. तुमचा अहवाल बघून ठरेल. अशी मुलगी ठेवायची जबाबदारी मी घेऊ शकत नाही." भिंगरीची ही तिसरी शाळा होती. जाऊन-येऊन जमेल अशी चौथी त्या भागात नव्हती. इथून गेली असती तर ती घरीच बसली असती, कायमची.

बाई पाच दिवस बसल्या. त्रेचाळीस वेळा चावली. दुसरा रकाना गच्च भरला आणि पहिल्यात त्रेचाळीस वेळा एकच शब्द: 'अज्ञात'. बाईंचा संताप झाला, स्वतःवरच. त्यांनी पंखा बंद करून पाहिला, घंटा लांब न्यायला लावली, गणवेशाच्या मानेला टोचणारी पट्टी उसवली, बूट बदलले, बाकाची जागा बदलली. सगळं मुसळ केरात. मोठ्या बाई घाई करत होत्या, म्हणून तो अहवाल आहे तसा त्यांच्या टेबलावर गेलासुद्धा.

भिंगरीची आई कपडे इस्त्री करून देण्याचं काम करायची. ती म्हणाली, "बाई, घरी नाही हो चावत ती." हे वाक्य बाईंनी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलं होतं की ते त्यांच्या एका कानातून शिरून दुसऱ्याने कधी बाहेर पडायचं ते त्यांनाही कळत नसे. तरी बैठकीला आठ दिवस उरले असताना त्या घरी गेल्या. खरं तर आईचं म्हणणं एकदा निकालात काढावं म्हणूनच गेल्या.

एकच खोली. मधोमध इस्त्रीचं टेबल, भिंतीलगत गाठोडी, गरम कापडाचा वास. भिंगरी खाली बसून रुमालांची टोकं जुळवत होती. टोकाला टोक, वर हात फिरवायचा, मग पुढचा रुमाल. बाईंनी पाटी पिशवीत ठेवली होती, कारण बसायला जागाच एवढीशी की मांडीवर कपड्यांचा ढीग घ्यावा लागला. मग नुसतं काय बसायचं, म्हणून त्याही उशांचे अभ्रे घड्या करू लागल्या. "उलटी घडी घालताय," आईने त्यांना दोनदा सुनावलं. असा दीड तास गेला आणि पोरीचा हात तोंडाकडे गेला नाही.

बाईंना भरून आलं. हे कागदावर आलंच पाहिजे! त्यांनी पिशवीतून पाटी काढली, पेन उघडलं, भिंगरीकडे पाहिलं आणि लिहिलं, 'दीड तास, शून्य'.

शून्याचा गोल पूर्ण व्हायच्या आत भिंगरीने मनगटात दात रोवले होते.

आई इस्त्री उभी करून धावली. पोरीला पोटाशी धरून ती ओरडली, "ते आधी बाहेर ठेवा!" बाईंनी पाटी दाराबाहेर चपलांवर टाकली. पोर शांत व्हायला आठ मिनिटं लागली. हो, बाईंनी तीही मोजली.

"पहिल्या शाळेत एक बाई आली," आई म्हणाली. "हिच्याकडे बघत बघत लिहीत बसली. आठवड्याने सांगितलं, उद्यापासून आणू नका. दुसऱ्या शाळेत एक साहेब आला. त्यानेही हिच्याकडे बघत लिहिलं. परत तेच. हिला बोलता येत नाही बाई, पण कळतं सगळं. लिहिणारं माणूस आलं की शाळा जाते, एवढं तिने पक्कं धरलंय."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही लिहीतच होतात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. कळसा अगदी शब्दशः काखेत होता. घरी जाताना बाईंना लाज वाटली, खरीखुरी, कान तापवणारी. पण लाजेने पोरीची शाळा राहणार नव्हती.

त्यांनी भिंगरीच्या वर्गशिक्षिकेला, म्हणजे वर्गताईंना गाठलं आणि मूठभर सुटी बटणं सहा दिवसांसाठी दिली. "मी येणार नाही. ती चावली की एक बटण उजव्या खिशातून डाव्यात टाका. कागद नको, पेन नको." सहा दिवसांत तीन बटणं डावीकडे गेली. तिन्ही एकाच दिवशी, डोळे तपासायला आलेल्या डॉक्टरांनी वही उघडली तेव्हा.

वर्गताई चाचरत म्हणाल्या, "पहिल्यांदा मी तिच्या नोंदी लिहायला बसले तेव्हाच चावली होती, पण तुम्ही आलात की ती जास्तच बिघडते असं मला वाटलं होतं. पण तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला तोंडावर कसं सांगायचं?"

"तोंडावरच सांगायचं असतं," बाई म्हणाल्या. "पाठीवर मला डोळे नाहीत."

बैठकीत खात्याचे साहेब, मोठ्या बाई, वर्गताई आणि मोजणीबाई. साहेब पानं उलटत म्हणाले, "त्रेचाळीस वेळा. यात बोलण्यासारखं काही उरलंय का?"

"उरलंय. पहिला रकाना चुकलाय. तिथे 'अज्ञात' आहे, तिथे 'मी' हवं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःला काडीचीही सूट न देता. साहेब मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते म्हणाले, "मानलं. पण शाळेत लिहिणारे येतच राहणार. मीही तपासणीला येतो. दर वेळी ही रक्त काढणार का?"

प्रश्न रास्त होता. बाईंनी चष्मा काढला. "एक महिना द्या. मग तुम्ही स्वतः या. वर्गात बसा, तिच्याकडे बघा आणि लिहा. तिने रक्त काढलं तर मी पुढे काही बोलणार नाही."

साहेबांनी महिना दिला. घरी नवरा म्हणाला, "दुसऱ्या कुणाला पाठव. तुला बघूनच ती घाबरते."

"म्हणूनच मी. मी घाबरवलंय, मीच निस्तरणार."

"बरं," तो म्हणाला आणि या वेळी बाईंनी मोजलं नाही.

पहिल्या दिवशी बाईंच्या हातात कोरा कागद, वर्गाच्या दुसऱ्या टोकाला, एक मिनिट, पेनाशिवाय. मग कागद पिशवीत आणि बाई चित्रांच्या टेबलावर मुलांबरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात वर्गताई: "आलीस? ये, तुझी जागा आहे." हे वाक्य रोज, न चुकता, कारण खरं औषध तेच होतं. कागद निघाला, तरी दुसऱ्या दिवशी शाळा जागेवर. मनगटाला मऊ पट्टा बांधला. भीती वाटली तर दाखवायला लाल कार्ड दिलं; ते तिने दोनदा खिडकीतून फेकलं. आठव्या दिवशी पेन आलं आणि पोरीने पट्ट्याच्या वरती हात चावून रक्त काढलं. बाई चुकल्या होत्या, पेन लवकर आलं होतं. त्या चार पावलं मागे गेल्या, पुन्हा कोऱ्या कागदावर. अठराव्या दिवशी एक ओळ. तेविसाव्या दिवशी तीन ओळी, मधूनच तिच्याकडे बघत. भिंगरीने हात तोंडाशी नेला, पट्टा दातांत धरला आणि सोडून दिला. बाई स्वच्छतागृहात जाऊन रडल्या, तोंड धुतलं आणि परत येऊन बसल्या.

महिना भरला आणि साहेब आले. अनोळखी माणूस, जाड फाइल, खिशात दोन पेनं. बाईंना वर्गात थांबायची परवानगी होती, बोलायची नव्हती. साहेब समोरच बसले, भिंगरीकडे पाहिलं आणि लिहायला लागले.

भिंगरीचे खांदे वर गेले. उजवा हात उठला. हात अर्ध्यावर थांबला, खाली आला आणि त्याने बाकाची कड पकडली. मग डाव्या हातानेही पकडली. तिने दोन्ही पाय बाकाच्या पायांना गुंडाळले आणि लिहिणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघत राहिली. हे तिला कुणीही शिकवलं नव्हतं.

साहेबांचं पेन थांबलं. "हे काय करतेय ती?" त्यांनी हळूच विचारलं.

बाईंना बोलायचं नव्हतं, तरी त्या बोलल्या. "ती जाणार नाही म्हणतेय."

साहेबांनी त्या आवळलेल्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि तेच लिहिलं.