पेंटरचा डावा हात

पेंटरला सगळे पेंटरच म्हणत. अर्ध्या बाजाराची नावं त्यानं रंगवली होती, पण त्याचं स्वतःचं नाव कुणी कधी विचारलं नाही. ते पहिल्यांदा पूर्ण लिहिलं गेलं पोलिसांच्या पंचनाम्यात, आणि तेही चुकीचं.

एका मंगळवारी तो औषधांच्या दुकानाची पाटी रंगवत होता. सगळी अक्षरं काढून झाली होती, ‘औ’च्या वरच्या दोन मात्रा तेवढ्या राहिल्या होत्या, तेवढ्यात एक मोटार मागे आली आणि शिडी घेऊन गेली. दुकान आजही ‘आषधे’ आहे. पेंटरचं डावं मनगट तीन ठिकाणी मोडलं. हाड जुळलं, पण ब्रश धरला की बोटं थरथरायची, आणि थरथरत्या हाताची पाटी फुकटसुद्धा कुणी लावत नाही.

त्यानं नुकसानभरपाईचा दावा लावला. मोटारवाल्यानं चूक कबूल केली, पण पैसे विमा कंपनीनं द्यायचे होते आणि तिचं म्हणणं साधं होतं. मोडला तो डावा हात. हा माणूस जेवतो उजव्यानं, सही करतो उजव्यानं. मग धंदा बुडाला कसा?

यात खोटं काहीच नव्हतं. पेंटर जन्माचा डावखुरा, आणि ते त्याच्या आईला जन्मात पटलं नव्हतं. लहानपणी डावा हात ताटात गेला की पळीचा फटका बसायचा. एका वर्षी तर तिनं सदऱ्याची डावी बाहीच टोकाला शिवून टाकली होती. शेवटी मायलेकांत न बोलता तह झाला. जेवण आणि सही उजव्याकडे, रंगकाम डाव्याकडे, तेही शिडीवर, आईची नजर पोचणार नाही अशा उंचीवर. दुकानदारांना साक्षीला बोलावून पाहिलं. ते म्हणाले, आम्ही पाटी बघितली, हात कोण बघतो? राहता राहिली आई. दावा गेला तर डबे-ब्रश विकून कुठंतरी पहारेकरी व्हायचं, एवढाच मार्ग होता.

“आजी, एवढंच सांगायचं, मुलगा डावखुरा आहे,” पेंटरच्या वकीलबाईंनी तीनदा पढवलं.

“सांगते की. त्यात काय मोठंसं?” आई म्हणाली.

आधी पेंटरची उलटतपासणी झाली. कंपनीचे वकील सभ्य गृहस्थ होते.

“तुम्ही लिहून दिलंय, ‘अक्षरं काढणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ आहे.’ म्हणजे काम अगदी सोपं?”

“अवघड आहे, साहेब. पण डाव्यानंच होतं.”

“डाव्या हाताचा मळ म्हणजे सोपं काम. मराठी येतं ना तुम्हाला?”

“मळच असतो हो, साहेब. रॉकेलनं घासला तरी निघत नाही.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. टायपिस्टनं काय टाइप केलं कोण जाणे.

मग आई उभी राहिली. कंपनीच्या वकिलांनी, एखाद्या स्थळाची चौकशी करावी तसं गोड विचारलं, “काय आजी, मुलगा डावखुरा आहे का हो तुमचा?”

आणि स्थळांच्या वेळी जे उत्तर तिनं सात घरी दिलं होतं, तेच तोंडातून निघालं. “छे हो! आमच्या घराण्यात कुणी डावखुरं नाही!”

वकीलबाईंनी फाइल मिटली. कंपनीचे वकील आभार मानून खाली बसले. पेंटर फरशीकडे बघत राहिला. त्याला आईचा राग आला नाही, लाज वाटली, आणि ती कसली हे त्यालाही कळेना.

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. “आजी, मग पाट्या कुठल्या हातानं रंगवायचा?”

आईनं लेकाकडे पाहिलं.

“ते विचारताय होय,” ती म्हणाली. “साहेब, मी मारलं, बाही शिवली, काही करायचं ठेवलं नाही. घास उजव्या हातानं खायला शिकवला मी त्याला. पण तो घास आणला या डाव्यानं. त्याचा आणि माझाही. बावन्न वर्षं मी लोकांना नाही म्हणत आले. आता लिहून घ्या. माझा मुलगा डावखुरा आहे.”

कंपनीचे वकील अर्धे उठले आणि पुन्हा बसले. न्यायाधीश टायपिस्टला म्हणाले, “साक्षीदार आईचं म्हणणं न्यायालयाला विश्वासार्ह वाटतं. घ्या लिहून.”

“दावा जिंकला समजा,” वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या आणि पुढच्या खटल्याला पळाल्या.

“आधी ‘नाही’ कशाला म्हणालीस गं?” पेंटरनं विचारलं.

“सवय रे. जीभ काय, गेली घसरून.”

जिना उंच होता, कठडा नव्हता. आईनं आधारासाठी हात पुढे केला आणि त्याचा डावा हात मनगटापाशी घट्ट धरला. त्याला चांगलीच कळ आली. पण खालची पायरी येईपर्यंत त्यानं हात सोडवून घेतला नाही.