घराबाहेरची रात्र

"गाय आज-उद्या व्याईलच. कुणीतरी घरी थांबायला हवं."

"कुणीतरी म्हणजे कोण? नाव घे की."

वांगदीने नाव घेतलं नाही. दाराशी दोन वळकट्या उभ्या होत्या, एक त्याची, एक त्याच्या बायकोची, थिनले बिधाची. नवराबायको एकमेकांकडे न बघता त्या वळकट्यांकडे बघत भांडत होते.

"घर तुझं आहे, बिधा," तो अखेर म्हणाला. "गोठा तुझा, गाय तुझी. मी काय, राहायला आलेला माणूस."

"विकायची गोष्ट निघते तेव्हा आपली असते ती गाय. आज बरी माझी एकटीची झाली."

पारो खोऱ्याच्या वरच्या अंगाच्या त्या गावात घर लेकीकडे जातं आणि जावई तिथे नांदायला येतो. वांगदी आला तो एक पत्र्याची पेटी आणि आपले खुरू घेऊन. खुरू म्हणजे वीतभर लाकूड, पुढे खिळा, मागे पिसं. शेताच्या एका टोकाला उभं राहून ते दुसऱ्या टोकाच्या अरुंद फळीत रुतवायचं. खेळायचं पुरुषांनी. बायकांनी फळीशेजारी फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि समोरच्या संघाला असं डिवचायचं की त्यांचा हात हलला पाहिजे. बिधाची जीभ त्यात तालुकाभर गाजलेली. थिम्फूहून आलेल्या एका थोराड गड्याला ती इतकंच म्हणाली होती, "दादा, फळी समोर आहे, पोटात नाही." त्या दिवशी त्याचे सगळे खुरू सातूच्या शेतातून वेचावे लागले.

इतरांचे हात हलवता हलवता तिचा स्वतःचा हात कधी शिवशिवायला लागला, कोण जाणे. कापणी झालेल्या खाचरात ती नवऱ्याचे जुने खुरू फेकायला लागली. लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण ते रुतत होते.

इकडे खेळालाच ओहोटी लागली होती. गावातून चार संघ निघायचे, तिथे एक जमवताना दम निघायला लागला. निम्मी पोरं ऑस्ट्रेलियात भांडी घासत होती. पुढच्या पाच वर्षांत खेळ वाढवायचा कसा, हे ठरवायला गावचं खुरूचं मंडळ बसलं तेव्हा चिटणीस म्हणून वांगदीच उभा राहिला. बायकांना घ्या, म्हणाला, नाहीतर फळीचं सरपण करा. सगळे हात वर गेले. बिधाला त्या दिवशी नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की तिने त्याला दोनदा आमटी वाढली.

मग म्हाताऱ्या मेमे काडोने विचारलं, की झोपायचं काय?

जुनी रीत अशी, की सामन्याच्या आदल्या रात्री अख्ख्या संघाने बायकोपासून लांब, मेमे काडोच्या माळ्यावर एकत्र झोपायचं, नाहीतर नशीब फिरतं. आता बायकाही बाहेर झोपायला लागल्या तर चुली, पोरं, गुरं कुणी बघायची? मंडळ तासभर हसलं आणि तोडगा निघाला. बायकांनी खेळावं, पण झोपायला घरी जावं. आमचं नशीब फिरलं तर, असं बिधाने विचारलं, तेव्हा मेमे काडो पान चघळत म्हणाला, "पोरी, तुमचं नशीब अजून यायचंय. फिरेल कसं?"

ती त्यावर हसली नाही. संघ सातजणींचा. त्यातली पेम आणि तिची बहीण यांनी स्वच्छ सांगितलं, बाहेर झोपायला मिळत नसेल तर आम्ही उतरणार नाही, हरायला कशाला जायचं? म्हणून सातहीजणींनी परस्पर शाळेचं स्वयंपाकघर झोपायला मागून घेतलं होतं. घर सांभाळायला कुणी आईला गळ घातली, कुणी शेजारणीला. सामने उद्या होते, पुरुषांचा आणि बायकांचाही. अडलं होतं ते संघ उभा करणाऱ्या बिधाचंच.

"एक रात्र," बिधा म्हणाली. "तू थांबलास तर आम्ही उद्या उतरतो. मी थांबले तर पेम घरी जाईल, तिच्यामागे बहीण, आणि तुमचं मंडळ म्हणेल, बायकांना बोलावलं होतं, त्याच आल्या नाहीत."

"मी माळ्यावर गेलो नाही आणि उद्या आमचा संघ हरला, तर जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडतील."

"का? नियम काय आहे? बायकोपासून लांब झोपायचं, एवढाच ना?"

"एवढाच."

"मग बायको शाळेत असेल. तू घरी एकटा. गाईशेजारी झोप हवं तर. नियम मोडतो कुठे?"

गोठ्यात गाय जड अंगाने कूस बदलत होती. खालच्या रस्त्यावर बायका वळकट्या घेऊन थांबल्या होत्या. "बिधा, येतेस ना?" पेमने हाक मारली.

"सांग ना, चिटणीस," बिधाचा आवाज आता खाली आला होता. "मोडतो का नियम?"

वांगदीने पानाचा विडा गालात सरकवला, स्वतःची वळकटी खांद्यावर टाकली आणि जिना उतरून मेमे काडोच्या घराच्या वाटेला लागला.