रेमीसाठी थांबवलेला सामना

मढच्या कोळीवाड्यातली मालन दहावीत होती, मालाडच्या शाळेच्या कबड्डी संघाची कप्तान. तिने एकदा घोटा धरला की सुटका नसे.

जूनमध्ये वर्गात रेमी आली. घर मूळचं मिझोरामचं, आई नर्स. पोरगी कुर्ल्यात वाढलेली, मराठी फाडफाड बोलणारी. तरी पोरांनी पहिल्याच दिवशी तिला 'मोमो' करून टाकलं. मालनही हसली. रेमी संघात आली, झकास चढाया करायला लागली, तरी मालन मैदानात ओरडायची, "ए मोमो, पाय टाक!"

सप्टेंबरात शुभा मॅडमनी वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. "जी हाक तुम्हाला लागली, ती लिहा. स्वतःचं नाव नको."

मग त्या एकेक वाचत गेल्या. एकीवर होतं, 'बोंबील'. ती मालनची. पाचवीत शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावून तिला तेच म्हणायची. त्यानंतरची चिठ्ठी होती, 'मोमो. माझी कप्तानसुद्धा म्हणते.'

मालनचे कान तापले. मधल्या सुट्टीत ती रेमीजवळ गेली. "मस्करी नव्हती ती. माझं चुकलं गं."

"तीन महिने लागले तुला," रेमी म्हणाली. हसली मात्र नाही.

डिसेंबरात मुलुंडला अंतिम सामना होता. रेमी चढाईला गेली की समोरच्या शाळेची पोरं ओरडायची, "चायना, परत जा!" तिसऱ्यांदा ओरडली तशी मालन मध्यरेषेवर जाऊन उभी राहिली.

"सर, हे थांबेपर्यंत आम्ही खेळणार नाही."

पंच वैतागले. "वेळ काढू नकोस. सामना जाईल हातचा."

"जाऊ दे. पण आधी ते काय बोलतायत ते ऐका ना!"

तिच्या सगळ्या पोरी मागे येऊन उभ्या राहिल्या. रेमी मान खाली घालून होती. तेवढ्यात समोरची कप्तान गंधाली आपल्याच शाळेच्या पोरांकडे वळली. "ए, गप्प बसा रे! आम्हाला लाज आणताय."

मग पंचांनी माईक घेतला. पुन्हा आवाज आला तर ओरडणाऱ्यांना बाहेर काढीन, म्हणाले. मैदान शांत झालं.

शेवटच्या मिनिटाला गुण सारखे होते. रेमी चढाईला गेली, दोघींना शिवली आणि अंग झोकून तिने मध्यरेषेला हात लावला.

चषक घ्यायला मालनने तिलाच पुढे ढकललं.

"कप्तान तू आहेस," रेमी म्हणाली.

"मग ऐक कप्तानाचं!"

शेवटी दोघींनी चषकाचा एकेक कान धरून तो उचलला. आता रेमी खळखळून हसत होती, आणि मालाडच्या पोरी घसा बसेपर्यंत ओरडत होत्या.