आत्यानंतरचा चष्मा

ज्या बाईचं दुःख तुमच्या मुलानं डोळ्यांना लावून पाहिलं, तिच्या कपाळाचा घाम तुम्हाला का चालत नाही?

सोलापुरातली शाळा. सातवीचा वर्ग. मी व्हीआरचे चष्मे चालवायला गेलो होतो. ती माझी नोकरी. चष्मा चढवला की मूल थेट आमच्या गावच्या विहिरीवर उभं राहायचं. कानात माझ्या आत्याचा आवाज. "आमाला हिरीला शिवायचं न्हवतं. कुनी वाढलं तर पानी. मी बारा वर्साची. लई तान लागली, म्हनून पोहऱ्याला हात लावला. त्यांनी घागर फोडली. बापाला चावडीपुढं नाक घासाय लावलं. मी बगत हुते."

चष्मे तीन, मुलं चाळीस. एकाच्या डोळ्यांवरून काढायचा, दुसऱ्याला चढवायचा. मार्चचा उकाडा. आतला स्पंज ओला झालेला. काही मुलं रडली. नाक पुसत चष्मा पुढच्याला देत होती. कुणी पुसून मागितला नाही.

आत्या गावाहून, केमहून, सकाळच्या गाडीनं आली होती. शाळेनंच सत्काराला बोलावलेलं. दाराशी खुर्चीवर बसली होती. डोळे पुसत बाहेर पडलेल्या एका मुलानं तिला विचारलं, "मावशी, पाण्याची टाकी कुठंय?"

"मला काय ठावं, लेकरा? मी पाव्हनी हाय."

सुट्टीत ती मला म्हणाली, "मला बी दाव की रं."

मी चष्मा चढवला. ती मान खाली घालून आत बघत राहिली. मग म्हणाली, "पानी लई दावलंय. एवडं न्हवतं."

तिनं चष्मा काढला. पुढची तुकडी दारात उभी होती. इतिहासाच्या बाई माझ्याजवळ आल्या. आवाज मऊ. "हा जरा पुसून घे हं. सॅनिटायझर आहे ना?"

होतं. सकाळपासून बाटली उघडली नव्हती.

मी पुसला. हे लपवत नाही. दोनदा पुसला. हात चालत होते. काही वाटत नव्हतं. आत्या बघत होती. हळूच म्हणाली, "पूस बाबा. तुजी नोकरी हाय."

तिथं हात थांबले.

"बाई, सकाळपासून चाळीस पोरांनी हे चष्मे घातले. तेव्हा पुसायला सांगितलं नाही."

"अरे, हायजीन म्हणून म्हटलं. तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत जात आणता."

तुम्ही लोक. दारातल्या मुलांनीही ते ऐकलं.

मी तिन्ही चष्मे बॅगेत भरले. मुलांना म्हणालो, "साक्ष देणारी बाई ही. इथं बसलीय. आधी हिला ऐका."

बाईंनी मुलांना परत नेलं. सत्काराची शाल टेबलावर घडीतच राहिली.

संध्याकाळी मालकाचा फोन. "शाळेची माफी मागून ये. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

मी गेलो नाही. राग आला असंही म्हणवत नाही. बधिर होतो. अजून आहे. पण एवढं ठरलंय. जिथं आत्याला समोर बसवून ऐकणार नाहीत, तिथं तिचा आवाज मी लावणार नाही. तिच्यानंतर चष्मा पुसणार नाही. पोटाचं काय ते बघेन.

तुमच्या मुलाच्या शाळेत असा चष्मा आला, तर एक करा. ज्याची साक्ष आहे त्या माणसाला वर्गात बोलवा. चष्मा आधी त्याला घालू द्या. मग न पुसता तुमच्या मुलाला द्या. तिथंच उभे राहा, आणि आपला हात खिशातल्या रुमालाकडं जातो का, ते बघा.