थंडी हलगी

लातुरात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या वर एका डीजेचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. गळ्यात हेडफोन अडकवूनच तो खाली चहाला येतो आणि समोरच्याच्या खांद्यावर दोन बोटांनी ठेका धरत विचारतो, "फील येऊन राहिला का?" उत्तर ऐकायची त्याला गरज नसते.

गेल्या वर्षी त्याला आपली माती आणि डीजेचे बीट एकत्र करून अल्बम काढायची हुक्की आली. हलगीवाला पाहिजे म्हणाला, म्हणून जळकोटहून आमच्या गावच्या म्हाताऱ्या हलगीवाल्या मामांना मीच घेऊन आलो. चूक माझीच. मामांनी आल्या आल्या जाळ मागितला. चामडं शेकून ताणल्याशिवाय ते हलगी वाजवत नाहीत. यानं त्यांना एसी दाखवला. "मामा, इथं धूर चालत न्हाई. तुम्ही नुसतं वाजवा, बाकी मी बघतो."

महिन्यानं अल्बम तयार झाला. कव्हरवर मामांचा फेट्यातला फोटो, आणि त्या फेट्याहून मोठं याचं नाव. त्यानं मामांच्या कानांवर हेडफोन चढवले. मामांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं वाजिवलंय. कोन हाय हा?"

"तुम्हीच की."

"न्हाई. ही शेकलेली हलगी हाय. माझी तर थंडी होती."

तो जरासुद्धा ओशाळला नाही. मामांच्या खांद्यावर दोन बोटांनी ठेका धरत म्हणाला, "तुमची लई बदबद वाजून राहिली होती, म्हणून लॅपटॉपमधली टाकली. फोटो तर तुमचाच हाय की, मामा."