उतारावरचा ट्रॅक्टर

आमच्या आत्याच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची: गाडी उतारावर लावणारी आणि नंतर ढकलत बसणारी. दुसऱ्या प्रकाराबद्दल ती फार बोलत नाही, नुसतं नाक मुरडते. याला कारण तिचा ट्रॅक्टर. त्याचा स्टार्टर मी शाळेत जायच्या आधीच गेला, आणि नवा बसवण्यापेक्षा उतार शोधणं आत्याला सोपं वाटलं. थांबताना उतारावर लावायचा, निघताना ब्रेक सोडून घरंगळू द्यायचा आणि मध्येच क्लच सोडायचा. दोन आचके देऊन इंजिन धडधडायला लागतं. सपाटीवर बंद पडला तर मात्र अख्खी गल्ली गोळा करावी लागते. त्यामुळे उतार आमच्या घरात सगळ्यांच्या अंगात मुरलेला. दादाने नवीकोरी मोटार आणली, ती त्याने अंगणाच्या चढावर, तोंड खाली करून उभी केली. बटण दाबलं की सुरू होणारी मोटार ती!

ट्रॅक्टर आणला आजोबांनी. दोन हंगाम चालवला आणि मग त्यांच्या पाठीने संप पुकारला. पुढे जमीन बाबांच्या वाट्याला गेली. आत्या तेव्हा नवरा गेल्यावर माहेरी परत आली होती. तिच्या वाट्याला जे कुणालाच नको होतं ते आलं. बाईमाणसाने ट्रॅक्टर चालवू नये असं तिला कुणी सांगितलं नाही म्हणता? सगळ्यांनी सांगितलं. तिने ते नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं रान नांगरून दिलं. तेव्हापासून ती भाड्याने नांगरते. लहान, वाकडीतिकडी शेतं, जिथे नवी मोठी यंत्रं वळतच नाहीत, ती सगळी तिची. स्वयंपाकघरातली एक परात तिने नटबोल्ट रॉकेलमध्ये भिजत घालायला कायमची पळवली आहे. आईने त्यावरून जन्मभर कुरकुर केली, पण परात काही परत मिळाली नाही. ट्रॅक्टरचा मूळ रंग आता कुणालाच आठवत नाही. फाटक रंगवून उरलेला हिरवा आणि खिडक्या रंगवून उरलेला निळा, असा तो दोन्हींचा मिळून आहे.

यंदाच्या शेतकी मिरवणुकीत जुने ट्रॅक्टर दाखवायचे ठरले. दादा कमिटीवर होता. त्याने आत्याला विचारलं तेव्हा तिने हात झटकले, मला असले चाळे नकोत म्हणाली, आणि संध्याकाळी मडगार्ड घासताना सापडली.

मिरवणुकीच्या दिवशी मी तिच्या शेजारी मडगार्डवर बसले होते. पुढचे-मागचे ट्रॅक्टर चकाचक होते, त्यांतले निम्मे ट्रकवरून उतरवलेले. आत्या म्हणाली, ही सगळी कपाटातली कपबशी आहे, हिच्यातून कुणी चहा प्यायलेला नाही. पण ती खूश होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी असलेली माणसं तिला हाका मारत होती, आणि ती मान ताठ ठेवून, ओठ दाबून, हसू येऊ नये म्हणून धडपडत होती. तिला इतकं खूश मी क्वचितच पाहिलं होतं, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला जास्त राग आला.

मिरवणूक मैदानात शिरली. दादा हातात झेंडी घेऊन एकेकाला जागा दाखवत होता. आम्हाला त्याने कडेला नेलं, मैदान फाटकाकडे उतरतं तिथे. भाषण होतं म्हणून सगळ्यांना इंजिनं बंद करायला सांगितली. आत्यानेही केलं.

गावच्या शेतकी सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी माइक हातात घेतला आणि आनंदाची बातमी दिली. हा ट्रॅक्टर आजपासून निवृत्त होत आहे, सोसायटीच्या दारात चौथरा बांधून तयार आहे, त्यावर आजोबांचं नाव कोरलं आहे, इंजिन उतरवून ट्रॅक्टर तिथे कायमचा बसवला जाईल. टाळ्या पडल्या. आत्याला यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं. इंजिन उतरवलं की तिचं काम संपलं, आणि काम संपलं की माडीवरच्या खोलीत, टीव्हीसमोर, जेवायला हाक येईपर्यंत बसून राहणं. एवढं साधं गणित होतं ते, आणि दादाने ते तिच्या वतीने परस्पर सोडवलं होतं.

तो हसत हसत आमच्यापाशी आला. आत्याने विचारलं, "कुणाला विचारून?"

ट्रॅक्टर कागदावर आजोबांच्याच नावाने आहे, दादा समजुतीच्या सुरात सांगू लागला. तुझं वय झालं, उद्या शेतात उलटलीस तर लोक मला नावं ठेवतील, आणि हा तर घराण्याचा मान आहे. ट्रक फाटकापाशी उभाच आहे, तू फक्त खाली उतर. मग बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "बंद झालाय ना? आता हा काही हलत नाही."

आत्याने समोर पाहिलं. मीही पाहिलं. मग दादानेही पाहिलं, आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. आयुष्यभराच्या सवयीने त्याने स्वतःच्या हाताने ट्रॅक्टर उतारावर लावून घेतला होता, तोंड खाली करून.

आत्याने ब्रेक सोडला.

दोन आचके बसले, धूर निघाला, सेक्रेटरीसाहेबांचं पुढचं भाषण इंजिनाच्या धडधडीत बुडालं. फाटकातल्या ट्रकवाल्याने ट्रक मुकाट्याने मागे घेतला; त्याच्या सासऱ्याचं रान आत्याच नांगरते.

पळून जाणं म्हणावं तर वेग चालत्या माणसाचा. ट्रॅक्टरचा वरचा गिअर केव्हाच गेलेला. त्यामुळे दादा अख्खा रस्ता शेजारून चालत हुज्जत घालत होता. लोक हसताहेत, कमिटीत मी काय तोंड दाखवू, चौथऱ्यावर मी आता ठेवू काय? आत्याने बराच वेळ ऐकून घेतलं.

मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या बापाने दोन हंगाम चालवला, त्याचं नाव तू दगडात कोरलंस. मी त्याच्यावर अख्खा जन्म काढला, तर मला माडीवरची खोली दिलीस. आणि वर म्हणतोस, मान."

दादा तिथेच थांबला. आम्ही थांबलो नाही.

बेकरीवाल्याच्या रानाचा शब्द उद्याचा होता, पण आत्या म्हणाली, निघालोच आहोत तर आजच करू. तिने घरून नांगर जोडून घेतला आणि सजावटीची फीत बॉनेटवर तशीच राहू देऊन नांगराचं पहिलं तास धरलं, रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी बांधावर बसले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्हींची मला लाज वाटत नव्हती.

रान नांगरून संपत आलं तेव्हा दादा आला. मिरवणुकीचे चांगले बूट तसेच पायात. तो सरळ रानात शिरला आणि ट्रॅक्टरच्या वाटेत उभा राहिला. आत्या वळून आली, त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली, पण इंजिन बंद केलं नाही. दादा काहीतरी बोलत होता, ते ऐकू येत नव्हतं. त्याचं बोलून होईपर्यंत आत्याने वाट पाहिली आणि मग ओरडून सांगितलं, "बाजूला हो. तू उभा आहेस तेवढंच नांगरायचं राहिलंय."

दादा बाजूला झाला.