बिलियर्ड्सच्या टेबलाला इस्त्री

माझी थोरली मुलगी सुमी चार महिन्यांची असताना तिने कल्याणच्या क्लबाला बिलियर्ड्सचा एक सामना जिंकून दिला. तो विजय आम्हांला परत करावा लागला, ही गोष्ट वेगळी. पण त्यात तिचा काही दोष नव्हता. दोष सगळा माझा होता, आणि तो कबूल करायला मला जवळजवळ तीन तास लागले.

साल नक्की आठवत नाही. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी आंबिवलीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि कल्याणात राहत होतो. गावाबाहेर एक बैठा बंगला होता. गोरे साहेब जाताना त्यात चार वेताच्या खुर्च्या, एक फाटकं टेनिसचं जाळं आणि एक बिलियर्ड्सचं टेबल ठेवून गेले होते. आम्ही त्याचा क्लब केला. आम्ही म्हणजे वकील, मास्तर, रेल्वेतले हेडक्लार्क वगैरे मंडळी. टेबलाबरोबर धर्माजीही आपसूक आमच्याकडे आला.

धर्माजी मार्कर होता. मार्कर म्हणजे खेळाचे गुण मांडणारा आणि टेबल सांभाळणारा माणूस, पण ही आपली कागदावरची व्याख्या. प्रत्यक्षात टेबल धर्माजीचं होतं आणि आम्ही त्याची परवानगी घेऊन खेळत होतो. मूळचा तो कोपरीचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. साठीचा, काळा, उंच, आणि कायम इस्त्रीच्या पांढऱ्या कोटात. पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत क्यू, म्हणजे खेळायची काठी, उचलायला गेलो, तर म्हणाला,

"सायेब, आदी हात धुवा."

"धुऊनच आलोय की."

"मी बगला नाय."

मी परत धुतले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि मग माझ्या हातात क्यू न देता एक मऊ ब्रश दिला. पुढचे तीन आठवडे मी फक्त टेबल झाडलं. ब्रश एकाच दिशेने फिरवायचा. टेबलावर बसायचं नाही, कोपर टेकायचं नाही, खडू ठेवायचा नाही. दुसऱ्याची खेळी चालू असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, जमल्यास श्वासही बेताने घ्यायचा.

"ह्या हिरवा कापर हाय ना, सायेब, ती टेबलाची कातरी हाय. तुमच्या कातरीवर कुनी गरम चा ठेवला तं चालंल?"

(कापर म्हणजे कापड आणि कातरी म्हणजे कातडी. धर्माजीच्या बोलीत 'ड'ला थारा नव्हता.)

मला हे भलतंच पटलं. इतकं पटलं, की मी त्याच्यापेक्षा कडक झालो. आमचे सेक्रेटरी भिडे वकील एकदा सिगरेट घेऊन टेबलाजवळ आले, तर मी त्यांना भर सभासदांत बाहेर काढलं. घरी मेहुणा कॅरम खेळताना बोर्डावर कोपर टेकून बसला, म्हणून मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. मालती, म्हणजे आमची मंडळी, एकदा पोळपाटावर लाटणं जरा आपटून ठेवत होती, तेव्हा मी म्हटलं, "अगं, साधनांचा मान ठेवावा." त्या रात्रीच्या पोळ्यांचं वर्णन मी करत नाही.

याच सुमारास ठाण्याच्या एका क्लबाबरोबर सामना ठरला. टेबलाला मुंबईहून मागवलेलं नवं कापड चढलं होतं. रविवारी दुपारचा सामना, घरच्या माणसांनाही आमंत्रण, चहा-चिवडा, शेवटी आभार. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं आणि विषय मीच निवडला होता: 'खेळातील सभ्यता'. हॉलची किल्लीही माझ्याकडे होती. सामना सुरू होईपर्यंत आत चिटपाखरू सोडायचं नाही, असं धर्माजीने मला बजावलं आणि तो टांगे घेऊन पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेला.

मला त्या दिवशी आणखी एक काळजी होती. माझे सासरे अप्पा, ठाण्यात खोपटला राहणारे निवृत्त हेडमास्तर, खास हा सामना बघायला येणार होते. बघायला म्हणजे तपासायला. बिलियर्ड्स हा रिकामटेकड्यांचा खेळ आहे आणि आपला जावई त्या नादाला लागला आहे, असं त्यांचं मत होतं. ते मालतीला पोस्टकार्डावर लिहीत असत. पोस्टकार्ड अशासाठी, की वाटेत मलाही वाचता यावं.

मंडळी आली. बायका व्हरांड्यात बसल्या. मालतीला चहाच्या व्यवस्थेसाठी कोणीतरी हाक मारली आणि तिने सुमीला माझ्या हातात दिलं.

"अहो, पाच मिनिटं धरा हिला. नुसतं फिरवा, झोपेल."

मी फिरवलं. सुमीने भोकाड पसरलं. कुंपणापर्यंत नेलं, परत आणलं, शीळ घातली, भाषणातला पहिला परिच्छेद म्हणून दाखवला. तो ऐकून तर ती फारच रडली. शेवटी मी विचार केला, हॉल थंड आहे, शांत आहे, किल्ली आपल्या खिशात आहे. आणि चिटपाखरात तान्हं मूल येतं का, हे धर्माजीने स्पष्ट केलं नव्हतं.

आत शिरलो. टेबलावरचे हिरव्या छपरीचे दिवे लावले आणि सुमी एकदम गप्प झाली. डोळे मोठे करून दिव्यांकडे बघत राहिली. मी टेबलापासून दोन पावलं लांब गेलो की रडे. दिव्यांखाली आणलं की गप्प. दहा मिनिटं मी तिला दिव्यांखाली दोन हातांवर तोलून उभा होतो. हात भरून आले. मग मी आजूबाजूला पाहिलं, चौघडी करून दुपटं नव्या कापडावर पसरलं आणि अर्ध्या मिनिटासाठी, नुसतं अर्ध्या मिनिटासाठी, सुमीला टेबलावर ठेवलं.

ती लगेच झोपली. इतकी शांत झोपली, की मला तिचं कौतुक वाटलं. मी भाषणाचा कागद काढून दुसरा परिच्छेद वाचायला लागलो. 'साधनांविषयीचा आदर हा सभ्यतेचा पाया आहे,' इथपर्यंत आलो आणि सहज खाली पाहिलं.

दुपटं पुरलं नव्हतं.

वरच्या डाव्या पॉकेटसमोर, हिरव्यागार कापडावर, गडद हिरव्या रंगाचं एक बेट तयार झालं होतं आणि ते माझ्या डोळ्यांदेखत वाढत होतं. मी सुमीला उचलून वेताच्या खुर्चीत ठेवलं. रुमाल काढून बेट टिपायला लागलो. टिपता टिपता घाबरून पुसायला लागलो, आणि पुसता पुसता बेटाचा खंड झाला. भाषणाचा कागद टिपकागदासारखा दाबून पाहिला. शाई कापडावर उमटेल हे वेळेवर लक्षात आलं, एवढीच त्या दुपारची माझी हुशारी.

तेवढ्यात मला कोपऱ्यातली इस्त्री दिसली. टेबलाच्या कापडावर फिरवायची ती भरीव, जड, लोखंडी इस्त्री. तिला धर्माजीशिवाय कोणी हात लावत नसे. मी ती उचलली, मागच्या पडवीत चहाची शेगडी पेटलेली होती तिच्यावर तापवली आणि कोट काढून कामाला लागलो. वाफ निघायला लागली. वाफेबरोबर वासही. मी खिडक्या उघडल्या आणि जोर लावला.

"वसंतराव."

दारात अप्पा उभे होते. हातात छत्री, डोळ्यांवर चष्मा.

"हे काय चाललंय?"

"इस्त्री," मी म्हणालो.

"टेबलाला?"

"सामन्यापूर्वी करतात, अप्पा. तसा नियमच आहे." आणि हे अगदी खरं होतं. म्हणूनच इतक्या सहज तोंडातून निघालं.

अप्पांनी घामाने निथळणाऱ्या मला पाहिलं. खुर्चीत झोपलेल्या नातीला पाहिलं. मग त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मऊ झाला.

"वा," ते म्हणाले. "मूल सांभाळून स्वतः राबताय. शिस्त आहे. मला उगाच वाटत होतं, इथे नुसत्या सिगरेटी ओढतात." आणि ते बाहेर जाऊन ही हकीकत एकेकाला सांगू लागले.

लग्न झाल्यापासून अप्पांनी माझं कौतुक केल्याचा हा पहिलाच प्रसंग. आता खरं सांगणं मला आणखी अवघड झालं.

कापड वरून कोरडं दिसायला लागलं, सुमीला मी मालतीकडे दिलं आणि टांगे आले. धर्माजी पाहुण्यांच्या गडबडीत थेट गुणांच्या फळ्याशी जाऊन उभा राहिला. सामना सुरू झाला. ठाण्याकडून डॉक्टर कर्णिक नावाचे एक शांत, सडपातळ गृहस्थ खेळत होते आणि आमच्याकडून भिडे वकील. डॉक्टर इतकं सुरेख खेळत होते, की मी प्रार्थना करत होतो, यांना वरच्या डाव्या पॉकेटकडे जाण्याची बुद्धी होऊ नये. बराच वेळ झाली नाही. पण शेवटी दोघांचे गुण जवळजवळ सारखे असताना डॉक्टरांनी लाल चेंडू अलगद, अगदी फुंकर घालावी तसा, त्याच पॉकेटकडे सोडला.

चेंडू गेला, गेला, आणि पॉकेटच्या तोंडाशी चिखलात रुतल्यासारखा थांबला.

हॉलमध्ये 'अरेरे' झालं. धर्माजीच्या कपाळावर आठी पडली. भिडे वकिलांनी पुढच्याच खेळीत तो चेंडू आत ढकलला आणि आम्ही सहा गुणांनी जिंकलो. टाळ्या पडल्या. त्या आवाजाने सुमी जागी झाली आणि मालतीच्या मांडीवर हसायला लागली.

धर्माजी टेबलापाशी आला. त्या जागेवर तळवा ठेवला. तळवा नाकाशी नेला. मग त्याने हॉलभर नजर फिरवली; ती सुमीवर क्षणभर थांबली आणि तिथून सरळ माझ्यावर आली.

डॉक्टर कर्णिक त्याच्याजवळ गेले.

"माफ करा हं," ते हळूच म्हणाले. "इथे ओल लागतेय. मी वाकून खेळत होतो, माझाच घाम पडला असावा. नवं कापड आहे तुमचं. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

हरलेला माणूस टेबलाची माफी मागत होता. धर्माजी माझ्याकडेच बघत होता. आणि तेवढ्यात भिडे वकिलांनी जाहीर केलं, "आता आभार."

मी उभा राहिलो. समोर पहिल्या रांगेत अप्पा अभिमानाने बसले होते. खिशातला कागद ओला होता, तो काढण्यात अर्थ नव्हता.

"ती ओल डॉक्टरांची नाही," मी म्हणालो. "ती आमच्या सुमीची आहे. आणि तिला टेबलावर मी ठेवलं होतं."

हॉलमध्ये एवढी शांतता मी कुठल्या खेळीच्या वेळीही अनुभवली नव्हती. मग मी सगळं सांगितलं, इस्त्रीसकट. अप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातलाच नाही. मालती जमिनीकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय असं मला वाटलं, पण ती हसत होती.

डॉक्टर कर्णिकांनी सुमीला मागून घेतलं. "ठाण्याला आजवर इतक्या लहान खेळाडूने हरवलेलं नाही," म्हणाले, आणि मग हॉलभर हसू पसरलं. भिडे वकिलांनी तिथल्या तिथे विजय परत केला. पुढच्या रविवारी ठाण्याला फेरसामना झाला आणि आम्ही रीतसर हरलो.

मंडळी पांगल्यावर मी धर्माजीकडे गेलो. तो स्वच्छ पाण्याच्या फडक्याने कापड टिपत होता.

"धर्माजी, चुकलो."

"पोरीचा कई चुकला नाय," तो म्हणाला. "मना चार नातवंडा हायेत. तुमी मना आदी सांगाला पायजे होता, मी धुतला असता." फडकं पिळून त्याने मान हलवली. "पन सायेब, इस्त्री उलटी फिरवलाव. त्या मी नाय विसराचा."

कार्यकारिणीने मला सहा महिने क्लबबंदी केली. ठराव भिडे वकिलांनी मांडला, एकमताने पास झाला, आणि तो लिहून काढायला मलाच सांगितलं, कारण अक्षर माझं बरं होतं.

अप्पा मात्र माझ्यावर रागावले नाहीत. घरी जाताना एवढंच म्हणाले, "खोटं बोललात, पण शेवटी उभे राहून बोललात." आणि मग जरा संकोचून विचारलं, "तो चेंडू कडेला आपटून बरोबर कोनात परत येतो, ते कसं हो?"

पुढच्या महिन्यात अप्पा क्लबाचे सभासद झाले. दर रविवारी ठाण्याहून यायचे, धर्माजीकडे शिकायचे आणि आमच्याकडे जेवायला येऊन मला आमटीच्या वाटीवर भूमिती समजावून द्यायचे. मी सुमीला मांडीवर घेऊन ऐकायचो.

सहा महिन्यांनी माझी बंदी उठली. पहिलाच डाव अप्पांशी झाला आणि त्यांनी मला शंभराला अकरा असं हरवलं. घरी आल्यावर मी मालतीला म्हटलं, "चालायचंच. सहा महिने सराव नव्हता ना."

"सराव होता तेव्हा किती व्हायचे?" तिने विचारलं.

"नऊ," मी म्हणालो.